प्रचारी ॲनिमेशनपट कसा पाहावा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एखादा प्रचारी ॲनिमेशनपट आज पाहायला बसलो, की पहिल्या दोन मिनिटांतच आपल्याला आपल्या शहाणपणाची खात्री पटते. शत्रूची ओबडधोबड टिंगल, कर्कश बँड आणि डोळ्यांत बोट घालून सांगितलेला संदेश हे सारे इतके उघडे असते, की त्या काळची माणसे याला भुलली तरी कशी, असा प्रश्न पडतो आणि त्या प्रश्नापाशीच पाहणे थांबते. फिल्म सोसायटीत, इतिहासाच्या वर्गात किंवा घरीच असे चित्रपट लावणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. त्यात सांगितलेली पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात ठरवलेले नसतानाही काहीतरी शिरते: मागून जाणारा माणूस, भिंतीवरचा फलक, वाऱ्याने उडालेला कागद. रेखाटलेल्या दृश्यात असे आपोआप काहीच येत नाही. ढगापासून बटणापर्यंत प्रत्येक वस्तू कोणीतरी ठरवून काढलेली असते आणि तिचा खर्च कोणीतरी सोसलेला असतो. त्यामुळे प्रचारामागचा हेतू वाचण्यासाठी ॲनिमेशनइतका सोयीचा पुरावा क्वचितच मिळतो. मात्र शत्रूच्या व्यंगचित्रावरच नजर खिळवून ठेवली, तर त्यातला महत्त्वाचा भाग हातून निसटतो. शत्रू कसा काढला आहे, हे कोणालाही दिसते. ज्याच्यासाठी चित्रपट काढला तो प्रेक्षक त्यात कसा काढला आहे, हे मात्र शोधावे लागते.

पाहण्याआधीची तयारी

चित्रपट सुरू करण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: तो कधी प्रदर्शित झाला, त्याचे पैसे कोणी दिले आणि तो कोणाला, कोणत्या पडद्यावर दाखवला गेला. या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय चित्रपटाविषयी मत बनवू नये.

तारखेत नुसते वर्ष पुरत नाही; महिना तरी हवाच. मित्सुयो सेओ यांचा ‘मोमोतारो: उमी नो शिनपेई’ हा जपानी नौदलाने करवून घेतलेला ७४ मिनिटांचा चित्रपट १२ एप्रिल १९४५ रोजी प्रदर्शित झाला. तोवर टोकियो आणि ओसाका ही शहरे आगीच्या बॉम्बवर्षावात होरपळली होती आणि शहरांतली शाळकरी मुले खेड्यापाड्यांत हलवली गेली होती. म्हणजे ज्या मुलांसाठी हा खटाटोप केला, त्यांतली बरीचशी चित्रपटगृहापासून दूर होती आणि पडद्यावरचा विजय पडद्याबाहेरच्या परिस्थितीशी कुठेच जुळत नव्हता. ओसाकात तो पाहणाऱ्यांमध्ये सोळा वर्षांचा ओसामु तेझुका होता. पुढे जपानी चित्रकथा आणि ॲनिमेशन या दोन्हींना वळण देणाऱ्या या मुलाने त्या प्रचारपटातून युद्धाचा आवेश घेतला नाही. असा चित्रपट आपणही कधीतरी करायचा, एवढे मात्र घेतले. प्रचारकाला जे द्यायचे असते तेच प्रेक्षक घेतो असे नाही, हे आरंभीच लक्षात ठेवलेले बरे.

पैशांचा प्रश्न विचारला, की प्रचार म्हणजे सरकारचेच काम ही समजूत गळून पडते. अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्ये ‘एल आपोस्तोल’ काढला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष इपोलितो इरिगोयेन सत्तेवर होते आणि चित्रपटात त्यांचीच खिल्ली उडवली होती. जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट राजकीय उपहासाचा होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच्या प्रती आगीत नष्ट झाल्याने तो आज पाहताही येत नाही. अमेरिकेत १९४४ च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्या प्रचारासाठी ‘हेल-बेंट फॉर इलेक्शन’ काढला गेला. त्याचे पैसे मोटार कामगारांच्या संघटनेने दिले आणि दिग्दर्शन चक जोन्स यांनी केले. रूझवेल्ट म्हणजे नवी वेगवान आगगाडी आणि विरोधक म्हणजे जुनाट, रखडणारी गाडी, अशी त्याची रचना आहे. चारच वर्षांनी, १९४८ मध्ये, ‘मेक माइन फ्रीडम’ आला, तो उद्योगपती आल्फ्रेड स्लोन यांच्या प्रतिष्ठानच्या पैशांवर, हार्डिंग कॉलेजच्या नावाने. त्यात एक भोंदू विक्रेता ‘इझम’ नावाच्या औषधाच्या बाटल्या विकत फिरतो. कामगार संघटनेचा एक आणि भांडवलदाराचा एक असे हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. दोघांनाही अमेरिका सारखीच प्रिय आहे आणि दोघांच्या अमेरिका वेगळ्या आहेत, हे वीस-पंचवीस मिनिटांत कळते.

पडद्याचा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. ‘प्रायव्हेट स्नॅफू’ ही स्नॅफू नावाच्या सैनिकाची १९४३ ते १९४५ या काळातली मालिका अमेरिकी सैन्याने वॉर्नर या चित्रपट कंपनीच्या ॲनिमेशन विभागाकडून प्रामुख्याने करवून घेतली. लेखकांत थिओडोर गाइझेल, म्हणजे पुढे डॉ. स्यूस या नावाने प्रसिद्ध झालेले बालसाहित्यकार, होते. ती फक्त सैनिकांना दाखवली जात असल्याने चित्रपटगृहांना लागू असलेली नीतिसंहिता तिला लागू नव्हती, म्हणून तिच्यातला विनोद चावट आहे आणि शिक्षा थेट मरणाची आहे. ‘स्पाइज’ या भागात गुपित थोडेथोडे करून चारचौघांपाशी ओकणारा स्नॅफू शेवटी नरकात पोहोचतो. हाच भाग ‘त्या काळचे मुलांचे कार्टून’ म्हणून आज कोणी दाखवत असेल, तर तो मुळापासून चुकीच्या संदर्भात दाखवला जातो आहे.

चित्रात काय नाही

ही पायरी शिकण्यासाठी विन्सर मॅके यांच्या ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ याच्याइतका चांगला चित्रपट नाही. जर्मन पाणबुडी यू-२० ने ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. अवघ्या १८ मिनिटांत ते तळाला गेले आणि सुमारे १,२०० माणसे मेली, त्यांत शंभराहून अधिक अमेरिकी होते. मॅके तेव्हा अमेरिकी वृत्तपत्रमालक हर्स्ट यांच्या वृत्तपत्रसमूहात चित्रकार होते. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात पडू नये, हे हर्स्ट यांचे धोरण होते आणि मॅके यांना त्या धोरणाची चित्रे काढावी लागत. मनातली चीड त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढलेल्या या चित्रपटात ओतली. सुमारे २५,००० रेखाटने आणि जवळजवळ दोन वर्षांचे काम त्यात आहे. तो जुलै १९१८ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरून सव्वा वर्ष झाले होते. म्हणून ‘या चित्रपटाने अमेरिकेला युद्धात ओढले’ असे कुठे वाचायला मिळाले, तर ते तारखेवरच बाद होते. युद्धात शिरण्याचा निर्णय झाला होता. चित्रपटाने द्वेष तेवत ठेवण्याचे काम केले.

आता पडद्याकडे पाहावे. मॅके यांना मजेशीर चित्रे काढता येत होती, पण इथे त्यांनी हास्यचित्राचा स्पर्शही होऊ दिलेला नाही. सुरुवातीला कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या दृश्यात ते स्वतः दिसतात, एका माणसाकडून घटनेचा तपशील समजून घेताना. त्यानंतर प्रेक्षकाला सांगितले जाते, की यापुढे दिसणार आहे ती या घटनेची पहिली नोंद. मग करडे आकाश, गडद लाटा, क्षितिजावरचे लांबलचक जहाज आणि त्यातून निघणारा धूर. सारे काही समुद्रावर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या बातमीदाराने टिपावे तसे रेखाटले आहे. वास्तविक त्या घटनेचे चलचित्रण अस्तित्वातच नव्हते आणि ती पोकळी भरण्यासाठीच हे रेखाटन झाले. मध्येच मृतांपैकी नामवंतांची छायाचित्रे येतात आणि खऱ्या छायाचित्रांची विश्वसनीयता अलगद रेखाटनांना चिकटते. कॅमेरा कुठे उभा आहे, हा प्रश्न इथे दर दृश्याला विचारावा. उत्तर बहुतेक वेळा असे येते, की जिथे कोणीही उभे राहू शकले नसते अशा ठिकाणी.

यानंतर, दुसऱ्यांदा पाहण्यापूर्वी, त्या घटनेवरचा एखादा विश्वसनीय इतिहासलेख वाचून त्यातली दहा-बारा तथ्ये कागदावर उतरवून घ्यावीत आणि चित्रपट पाहताना जी दिसतील त्यांच्यापुढे खूण करावी. खुणा नसलेल्या ओळी म्हणजे चित्रपटातले रिकामे भाग. लुसिटानियाच्या मालात बंदुकीची सुमारे ४२ लाख काडतुसे होती, ही ओळ बिनखुणेची राहते. पडद्यावर दोन स्फोट दिसतात. पाणबुडीने टॉर्पेडो मात्र एकच सोडला होता आणि दुसरा स्फोट जहाजाच्या पोटातला होता. शेवटी पाण्यात बुडणारी आई आपल्या तान्ह्या बाळाला वर धरू पाहते आणि त्यामागोमाग येणारी पाटी विचारते, की अशा शत्रूचा द्वेष करू नका असे आम्हाला सांगितले जाते तरी कसे.

इथे एक सावधगिरी हवी. रिकामी जागा सापडली, की चित्रपट ‘खोटा’ ठरवण्याचा मोह होतो, विशेषतः हुशार विद्यार्थ्यांना. काडतुसे होती म्हणून बाराशे माणसे मेली नाहीत असे होत नाही आणि पाण्यातली आई ही कल्पना असली तरी त्या दिवशी बाळांसह आया खरोखरच बुडाल्या. यशस्वी प्रचार बहुधा खऱ्या गोष्टींचाच असतो. त्यात निवड असते. आपण निवड तपासतो आहोत, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.

उसनी गोष्ट

मोमोतारो ही जपानमध्ये मुलांना सांगितली जाणारी जुनी गोष्ट. पीच फळातून जन्मलेला मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट (रानकोंबड्यासारखा पक्षी) यांना सोबत घेऊन राक्षसांच्या बेटावर जातो, त्यांना हरवतो आणि त्यांची संपत्ती घेऊन घरी परततो. सेओ यांनी १९४३ मध्ये काढलेल्या ३७ मिनिटांच्या ‘मोमोतारो नो उमिवाशी’ या चित्रपटात राक्षसांचे बेट म्हणजे हवाईतील पर्ल हार्बर. विमानवाहू जहाजावर मोमोतारो सेनापती आहे, प्राणी वैमानिक आहेत आणि बेटावरच्या शत्रूंचा म्होरक्या पॉपाय मालिकेतल्या धिप्पाड ब्लुटोसारखा दिसतो. शत्रूच्याच देशातल्या कार्टूनमधले पात्र उचलून त्यालाच खलनायक केले आहे.

अशा वेळी पुढचा व्यायाम करावा. मूळ गोष्ट पाच वाक्यांत लिहावी आणि शेजारी चित्रपटाची गोष्ट पाच वाक्यांत. जिथे दोन्ही जुळतात तिथे चित्रपटाला युक्तिवाद करण्याची गरजच पडलेली नसते, कारण राक्षसांना मारणे योग्य की अयोग्य याचा निकाल आजीने गोष्ट सांगितली तेव्हाच लागलेला असतो. उसन्या गोष्टीबरोबर तिचा निकालही उसना मिळतो, आणि प्रचारकांना ही सोय सर्वत्र हवी असते. जर्मनीत १९४० मध्ये निघालेल्या ‘डेर श्टोरेनफ्रीड’ या चित्रपटात जंगलात घुसलेल्या कोल्ह्याला शिरस्त्राणे घातलेले साळू आणि लढाऊ विमानांसारख्या झेपावणाऱ्या गांधीलमाश्या पिटाळून लावतात. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी डिस्नेने १९४१ मध्ये केलेल्या ‘द थ्रिफ्टी पिग’ मध्ये तीन डुकरांच्या गोष्टीतला लांडगा नाझी चिन्ह लावून येतो आणि ज्या घराला तो पाडू शकत नाही त्याच्या विटा म्हणजे युद्ध बचतपत्रे. तिथे तर स्टुडिओने स्वतःच्याच १९३३ मधल्या चित्रपटातली रेखाटने पुन्हा वापरली. पैसे वाचवा असे सांगणाऱ्या चित्रपटाने आधी स्वतःचे पैसे वाचवले.

जिथे दोन्ही स्तंभ जुळत नाहीत, तिथे खणावे. १९४५ च्या मोमोतारोपटात प्राणी-सैनिक दक्षिणेकडच्या एका बेटावर तळ उभारतात आणि तिथल्या स्थानिक प्राण्यांना जपानी अक्षरे शिकवतात. आधी गोंधळ उडतो, मग अक्षरांचेच गाणे होते आणि सगळे प्राणी तालात गाऊ लागतात. हा प्रसंग मूळ गोष्टीत कुठेच नाही, चित्रपटात तो सर्वांत गोड आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त लक्ष देण्याजोगा आहे. इथे शत्रू दिसत नाही. दिसते ती ‘आपली बाजू’: प्रेमळ, शिस्तप्रिय, शिकवणारी. जिंकलेल्या मुलखात शाळा उघडणाऱ्या राज्यकर्त्यांचा अनुभव घेतलेल्या देशातल्या प्रेक्षकाला हे चित्र परके वाटू नये. त्याच चित्रपटात सावल्यांच्या खेळासारख्या शैलीत एक उपकथा येते. गोऱ्या व्यापाऱ्यांनी कपटाने बेट कसे बळकावले, ते तीत सांगितले आहे आणि ते इतिहासाला धरूनच आहे. एका साम्राज्याचा खरा गुन्हा दुसऱ्या साम्राज्याच्या समर्थनासाठी वापरला आहे. शेवटाला गावातली पिल्ले झाडावरून पॅराशूटची उडी मारण्याचा खेळ खेळतात आणि उतरतात ती जमिनीवर आखलेल्या अमेरिकेच्या नकाशावर.

याच्या जोडीला शांघायच्या वान बंधूंचा १९४१ चा ‘पोलादी पंख्याची राजकन्या’ पाहावा. जपानी आक्रमणाच्या सावटात काढलेल्या या चित्रपटाने ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या चिनी कथेतला वृषभराक्षस निवडला आणि त्याला हरवण्यासाठी गावकऱ्यांना एकत्र आणले. राक्षस म्हणजे कोण, हे कुठेही म्हटलेले नाही. पुढच्याच वर्षी तो जपानमध्येही दाखवला गेला आणि तिथल्या ॲनिमेशनकारांवर त्याची छाप पडली. उघडपणे नाव न घेण्याचा हाही एक फायदा.

चेहरा कोणाला मिळाला

आतापर्यंतचे पाहणे आवाजासकट होते. आता आवाज बंद करून तोच चित्रपट पुन्हा लावावा. लुसिटानियासारख्या मूकपटांच्या बाबतीत तर हे अटळच आहे, कारण इंटरनेटवरच्या प्रतींना जोडलेले संगीत नंतरचे असते आणि आपण त्या संगीताला मूळ भावना समजून बसतो. आवाज गेला, की एकच गोष्ट मोजावी: कोणाला स्वतंत्र चेहरा आणि नाव मिळाले आहे, आणि कोण नुसती गर्दी आहे.

डिस्नेचा १९४३ चा ‘एज्युकेशन फॉर डेथ’ या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. त्यात हान्स नावाचा जर्मन मुलगा आहे, त्याला आजारपण आहे, काळजी करणारी आई आहे. वर्गात कोल्ह्याने सशाला खाल्ल्याची गोष्ट ऐकून त्याला सशाची दया येते आणि त्याबद्दल शिक्षा होते. पुढे त्याचा सैनिक होतो आणि सैनिकांच्या रांगांची थडगी होतात. शत्रूच्या मुलाला चेहरा दिल्यामुळे हा चित्रपट आजही अस्वस्थ करतो. आता त्याच वर्षी वॉर्नरने काढलेल्या ‘टोकियो जोकियो’ मधली जपानी माणसे पाहावीत: सगळ्यांचे दात सारखे, चष्मे सारखे, कोणीच ‘एखादा माणूस’ नाही. जर्मनांच्या बाबतीत दोष नेत्यांचा आणि जपान्यांच्या बाबतीत दोष साऱ्या वंशाचा, हा भेद अमेरिकी युद्धकालीन कार्टूनांत पुन्हा पुन्हा दिसतो. पडद्याबाहेर त्याच सुमारास, फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर, एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरादारांतून उठवून छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. कार्टूनामुळे छावण्या उभ्या राहिल्या असे म्हणता येणार नाही, पण दोन्हीकडे माणसे मोजण्याची रीत एकच होती.

आपली बाजू आणि तिच्याकडे केलेली मागणी

‘डेर फ्यूरर्स फेस’ हा डोनाल्ड डकचा चित्रपट १ जानेवारी १९४३ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याला ऑस्कर मिळाले. डोनाल्ड नाझी राज्यात राहतो, लाकडासारखा कडक पाव खातो, दारूगोळ्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गोळे कसत राहतो आणि मध्ये मध्ये हिटलरचे चित्र आले, की सलाम ठोकतो. शेवटी तो जागा होतो: ते स्वप्न होते. बहुतेक प्रेक्षक इथे हसून मोकळे होतात. शेवटचे अर्धे मिनिट मात्र थांबवून थांबवून पाहावे. डोनाल्डचे कपडे अमेरिकी ध्वजाच्या पट्ट्यांचे आहेत, भिंतीवर पडलेली हात उंचावलेली सावली पाहून त्याचा हात सवयीने सलामासाठी उठतो आणि मग कळते, की ती सावली स्वातंत्र्यदेवीच्या छोट्या पुतळ्याची आहे. नाझी घरात सर्वत्र नाझी चिन्हे, अमेरिकी घरात सर्वत्र अमेरिकी चिन्हे. चिन्हांनी भरलेले घर पहिल्या भागात हास्यास्पद आणि दुसऱ्या भागात हृद्य का वाटते, हा प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवावा. उत्तर आपण देऊ नये. (सरकत्या पट्ट्यावर भरडल्या जाणाऱ्या कामगाराचे हे चित्र ज्या स्टुडिओतून आले, तिथले ॲनिमेशन कलाकार १९४१ च्या उन्हाळ्यात संपावर गेले होते, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.)

प्रत्येक प्रचारपट प्रेक्षकाकडे काहीतरी मागतो आणि ती मागणी एका वाक्यात लिहिता आली पाहिजे. कधी ती अगदी रोकडी असते. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकी अर्थखात्यासाठी काढलेल्या ‘द न्यू स्पिरिट’ मध्ये डोनाल्ड आयकराचा अर्ज भरतो. उत्पन्न २,५०१ डॉलर, कर १३ डॉलर, अवलंबून असलेले तीन भाचे. हे सारे पडद्यावर लिहून दाखवले आहे, कारण प्राप्तिकर प्रथमच भरणारे लाखो लोक समोर बसले होते. या चित्रपटाच्या ८०,००० डॉलरच्या खर्चावरून अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, वाद झाला. चित्रपटामुळे कर भरण्याची आपली तयारी वाढली, असे ३७ टक्के प्रेक्षकांनी गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत सांगितले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याकडे पाहताना लक्षात ठेवावे, की युद्धकाळात ‘देशासाठी कर भराल ना?’ या प्रश्नाला नाही म्हणणे सोपे नसते.

काही वेळा मागणी फार मऊ असते. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी शाळांत दाखवलेल्या ‘डक अँड कव्हर’ मधले बर्ट नावाचे कासव मुलांना अणुबॉम्ब पडला तर खाली वाकून डोके झाकायला शिकवते. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये अणुचाचणी केली होती. मुलांना घाबरवायचे नाही आणि धोका नाकारायचाही नाही, या कसरतीतून ते हसरे कासव जन्मले.

पैसे आणि शेवट यांचा संबंध

माणूस-मालकाला हुसकावणाऱ्या प्राण्यांवर पुढे डुकरेच राज्य करू लागतात, अशी गोष्ट सांगणाऱ्या ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकावर जॉन हॅलास आणि जॉय बॅचलर यांनी लंडनमध्ये काढलेला चित्रपट १९५४ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. ऑर्वेल १९५० मध्येच वारले होते. चित्रपटाचे पैसे अमेरिकी निर्माते लुई द रोशमाँ यांच्यामार्फत आले आणि त्यामागे अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए होती, हे सर्वसामान्यांना कळायला बरीच वर्षे जावी लागली. रेखाटने करणाऱ्या कलाकारांनाही त्याची कल्पना नव्हती.

पुस्तकाच्या शेवटी प्राणी खिडकीतून आत पाहतात. आत डुकरे आणि शेजारचे माणूस-शेतकरी एकत्र बसलेले असतात आणि कोण डुक्कर, कोण माणूस, हे ओळखू येईनासे होते. चित्रपटात त्या बैठकीतून माणसे काढून टाकली आहेत. खोलीत फक्त डुकरे आहेत. त्यानंतर बेंजामिन गाढवाच्या पुढाकाराने प्राणी उठाव करून घरावर चाल करून जातात. या दोन बदलांचा एकत्रित अर्थ लावावा. माणसे गेली, त्याबरोबर जुने मालक आणि नवे मालक सारखेच, हा ऑर्वेलचा डंख गेला. उठाव आला, त्याबरोबर साम्यवादी राजवटीखालच्या जनतेला दिलेला निरोप आला. ज्या कागदावर आपण पैसे देणाऱ्याचे नाव लिहिले होते, तो इथे शेवटाशेजारी ठेवला, की रेष आपोआप जुळते. साधारण नियम असा सांगता येईल, की पैसे देणाऱ्याची इच्छा सर्वांत स्पष्ट शेवटच्या दोन मिनिटांत दिसते. सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्टोव्ह यांच्या १९२४ च्या ‘सोव्हिएत खेळणी’ मध्ये शेवटी लाल सैनिकांचे झाड उभे राहते आणि त्यावर पैसेवाला आणि धर्मगुरू लटकवले जातात. तिथे तर इच्छेवर पांघरूणही घातलेले नाही.

आपल्या घरातला चित्रपट

परक्या देशांचे प्रचारपट पाहताना येणारी सहजता आपल्या बाबतीत टिकते का, हे तपासल्याशिवाय ही पद्धत अंगवळणी पडत नाही. मुंबईत १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी चित्रपटसंस्था सुरू झाली आणि १९५६ मध्ये तिच्यात कार्टून विभाग निघाला. त्याच्या उभारणीसाठी डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स आले आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेशनकार तिथे तयार झाले. परवान्याच्या अटीनुसार चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य लघुपट दाखवावेच लागत. पडद्याच्या प्रश्नाचे इतके पक्के उत्तर फार थोड्या देशांत मिळते.

‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट घ्यावा. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचे, रेखाटन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. पाखरे जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळे कुरतडतात, ही पंचतंत्रातली उसनी गोष्ट. अनेकजण तो आणीबाणीचा चित्रपट म्हणून सांगतात. आणीबाणी जून १९७५ मध्ये आली. मात्र १९७४ हे वर्षही शांत नव्हते: गुजरात आणि बिहारमध्ये विद्यार्थ्यांची आंदोलने पेटली होती आणि मे महिन्यात रेल्वे संप झाला. त्यावरून चित्रपट संपकऱ्यांविरुद्ध होता, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये; पण अनेकांनी एक व्हावे ही शिकवण सरकारी पडद्यावरून त्या वर्षी ऐकताना वेगवेगळ्या घरांत काय वाटले असेल, हे विचारायला हरकत नाही. चेहऱ्यांची मोजणी केली, तर एक गोष्ट चित्रपटाच्या बाजूने निघते. पारध्याला देश, धर्म, जात यांपैकी काहीही दिलेले नाही. तो नुसता पारधी आहे. मोमोतारोपेक्षा हा चित्रपट मुलांना आजही निर्धास्तपणे दाखवता येतो, त्याचे माझ्या मते हेच कारण आहे, आणि प्रचार म्हटला की तो वाईटच, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अवश्य द्यावे.

दाखवण्याची व्यवस्था

वंशद्वेषी व्यंगचित्रे असलेले चित्रपट शालेय वर्गात आयत्या वेळी लावू नयेत. आधी काय दिसणार आहे ते सांगावे, मात्र ती दृश्ये कापू नयेत. कापलेल्या प्रतीत तो चित्रपट होता त्यापेक्षा सभ्य दिसतो आणि आपला सारा अभ्यास वाया जातो. इंटरनेटवरची प्रत पूर्ण आहे का, हे तिची लांबी तपासून पाहावे. अमेरिकी सरकारने स्वतः काढलेले चित्रपट सामान्यतः स्वामित्वहक्काच्या बाहेर असतात, स्टुडिओंचे व्यापारी चित्रपट तसे नसतात, त्यामुळे जाहीर खेळापूर्वी चौकशी करावी.

एका बैठकीत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांहून अधिक काही दाखवू नये. पहिल्या दिवशी लुसिटानिया, ‘डेर फ्यूरर्स फेस’ आणि हान्सची गोष्ट. दुसऱ्या दिवशी १९४३ चा मोमोतारो आणि त्याच्या पाठोपाठ ‘एक अनेक और एकता’. ‘ॲनिमल फार्म’ सव्वा तासाच्या जवळ जातो, म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र संध्याकाळ ठेवावी आणि प्राणी खिडकीपाशी येतात तिथे तो थांबवावा. प्रत्येकाकडून पुढे काय होईल ते दोन ओळींत लिहून घ्यावे, मग पुस्तकाचे शेवटचे पान मोठ्याने वाचावे, आणि त्यानंतरच उरलेली मिनिटे सुरू करावीत.